केळी पिकेपर्यंतचं वेळापत्रक

(जळगावात घरीच मुलांना शिकवणाऱ्या पालकांपुढे फेब्रुवारीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. 'ताई, तुमचं वेळापत्रक पाठवा ना' असा निरोप मला इतक्यांदा येतो, की आज फक्त त्यावरच बोलायचं ठरवलं. मराठी, गणित, इंग्रजी यांचं फारसं अडत नाही. रोज अर्धा-पाऊण तास बसलं की काम पुढे सरकतं. घोडं अडतं विज्ञानापाशी. वहीत 'रोज अकरा ते पावणेबारा विज्ञान' असं लिहिलं जातं, आणि पंधरवड्यात प्रयोग गळून जातात. उरतं काय, तर धडा वाचा आणि खालचे प्रश्न सोडवा. मग त्यासाठी शाळा काय वाईट होती?

प्रयोगाला दोन तऱ्हेचा वेळ लागतो. एक हाताचा आणि दुसरा वाट बघण्याचा. सामान काढायचं, मांडायचं, सांडायचं, पुसायचं, यात पाऊण तास कधीच संपतो. आणि वाट बघण्याचा वेळ कित्येकदा आठवड्यातही मावत नाही. म्हणून आमच्या घरी विज्ञानाला आठवड्यातून एकच मोठी बैठक असते, सलग अडीच-तीन तासांची. शिवाय रोज ठरल्या वेळी पाच-दहा मिनिटांची पाहणी. विज्ञानाचा रोजचा तास मी ठेवतच नाही.

मोठी बैठक कोणत्या वारी घ्यायची, हे घरातल्या माणसांवर ठरवा. भुसावळला रेल्वेत असलेल्यांची रेस्ट रविवारीच येते असं थोडंच आहे? ज्या दिवशी बाबा घरी, तो विज्ञानाचा दिवस. शेतीवाल्यांनी तर कापूस वेचणीच्या दिवसांत ही बैठक सरळ सकाळची संध्याकाळी न्यावी. पाहणीची वेळ मात्र हलवू नका. आज सकाळी आठला आणि उद्या दुपारी तीनला पाहिलं, तर मधल्या तासांचा हिशोब चुकतो आणि दोन दिवसांची तुलना करता येत नाही.

आता एक प्रयोग पूर्ण सांगते, म्हणजे हे सगळं कसं बसतं ते दिसेल. जळगावच्या मुलांना केळीशिवाय दुसरं काय द्यायचं? कच्ची केळी घ्या, पण दुकानातून नको. दुकानातली केळी बहुतेक वेळा रायपनिंग चेंबरमधून आलेली असतात. तिथे त्यांना इथिलीन वायू मिळून पिकायची सुरुवात आधीच झालेली असते, मग आपण घरी काहीही करा, फरक दिसत नाही. रावेर, यावल, चोपडा भागात कोणाची तरी बाग ओळखीची निघतेच. तिथून नुकत्याच कापलेल्या घडातली एक फणी मागून आणा. फणी एकच हवी, म्हणजे सगळ्या केळ्यांचं वय सारखं.

सोमवारी अर्धा तास हातांचा. काही केळी ताटात उघडी ठेवायची. काही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सोबत एक पूर्ण पिकलेलं केळं. उरलेली फ्रिजमध्ये. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणून पाणी घालून फिकट करा. तिन्ही जागांच्या केळ्यांची एकेक पातळ चकती कापून वर थेंब टाका. पहिल्या दिवशी तिन्ही चकत्या काळ्या-निळ्या होतात, म्हणजे पिष्ट (स्टार्च) ठासून भरलेलं आहे. या चकत्या नंतर कोणी खायच्या नाहीत, हे लहानग्यांना दोनदा सांगा.

पुढे रोज प्रत्येक जागेची फक्त एक चकती, एक थेंब आणि वहीत एक चित्र. डब्यातल्या केळ्याची चकती आधी फिकी पडायला लागते. कडेकडून पडते की मधून, ते मुलांनी बघून सांगायचं. मी आज इथे सांगणार नाही, सांगितलं तर बघायचं काय उरलं? फ्रिजमधलं केळं गंमत करतं. त्याची साल काळी पडते, बाहेरून सडल्यासारखं दिसतं, पण थेंब टाकला की आतलं पिष्ट बरंचसं तसंच. थंडीने सालीला इजा झालेली असते आणि पिकणं मात्र थांबलेलं. 'काळं म्हणजे जास्त पिकलेलं' हे मोठ्या माणसांचंही गृहीतक त्या दिवशी मोडतं.

गुरुवारच्या मोठ्या बैठकीपर्यंत मुलांकडे तीन-चार दिवसांची चित्रं असतात. तेव्हा कुठे पुस्तक उघडायचं. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. धडा तोच, पण आता मुलगी विचारते, 'डब्यातलं केळं लवकर का पिकलं?' आणि उत्तर शोधायला वाचते. पिकलेल्या केळ्यातून इथिलीन बाहेर पडतो, डब्यात कोंडला जातो आणि कच्च्यालाही पिकवतो. वाचन आधी आणि प्रयोग नंतर असं केलं, की मुलं उत्तराप्रमाणे चकतीचा रंग बघायला लागतात.

घरात वेगवेगळ्या वयाची मुलं असली, तरी प्रयोग एकच ठेवा. सहा वर्षांचा वास घेईल, साल दाबून बघेल, रंग भरेल. अकरा वर्षांची तक्ता करेल. चौदाचा त्याच केळ्यांवरून पिष्टाची साखर कशी होते ते वाचेल. तीन मुलांचे तीन प्रयोग मांडलेत तर आईचा स्वयंपाक राहील, एवढंच होईल.

फ्रिजमधली केळी पुढच्या आठवड्यातही चालूच राहतात. म्हणून वेळापत्रकाच्या कागदावर वारांच्या खाली एक आडवी ओळ मोकळी ठेवा आणि तिथे 'चालू असलेलं' लिहा. एका वेळी दोनपेक्षा जास्त गोष्टी त्या ओळीत नकोत. ओटा आणि फ्रिज घरातल्या सगळ्यांचा आहे. आमच्या सासूबाईंनी आयोडीन लागलेल्या ताटलीकडे बघून 'काय करी ऱ्हायना हाई?' म्हटलं, तेव्हापासून प्रयोगाची भांडी वेगळी झाली. ते बरंच झालं. आरोग्याच्या दृष्टीनेही तेच योग्य.

सामानाची यादी आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी करायची. प्रयोग ऐन दिवशी रद्द होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, सुतळी नाही, फुगा नाही, लिंबू संपलं. आणि संडास साफ करायचं ॲसिड कुठल्याही प्रयोगाच्या यादीत येऊ देऊ नका. आम्ल आणि आम्लारी शिकवायला लिंबू, हळदीचं पाणी आणि पापडखार पुरतात. पापडखाराने हळद लाल होते, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी.

आता जरा वर्षाकडे बघू, कारण आठवडा ऋतूच्या हातात असतो. पुस्तकातल्या धड्यांचा क्रम खानदेशातलं ऊन-पाऊस बघून लावलेला नाही, तो तुम्ही बदला. बाष्पीभवन मे महिन्यात घ्या. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून काचेचे दोन साधे थर्मामीटर आणा, तापाचा थर्मामीटर चालणार नाही. एकाच्या खालच्या काचेच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि दोन्ही सावलीत, वाऱ्यावर टांगा. पारा बेचाळीसवर असलेल्या कोरड्या दुपारी दोघांत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. हाच प्रयोग ऑगस्टच्या पावसात करा, फरक दोन-चार अंशांवर येतो. कूलर मेमध्ये का चालतो आणि पावसाळ्यात नुसताच आवाज का करतो, हे त्यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये कुरडयांचे गहू भिजतातच. तीन दिवस रोज पाणी बदलणं, वाटणं, चीक गाळणं, तो खाली बसू देणं, वरचं पाणी ओतून देणं. आंबवणं, गाळणं, निवळणं, सगळं त्यात आलं. त्या आठवड्यात वेगळा प्रयोग मांडू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कपाशीच्या फुलाला दोरा बांधून ठेवा. आज पिवळसर पांढरं उमललेलं फूल उद्या गुलाबी दिसेल. इथे पाहणी एक दिवस चुकली तर प्रयोगच हुकला.

आणि आजच सुरू करण्यासारखी एक गोष्ट म्हणजे सावलीची काठी. अंगणात काठी ओळंब्याने सरळ रोवा आणि आठवड्यातून एकदा, मोठ्या बैठकीच्या दिवशी, दुपारची सगळ्यात आखूड सावली मोजा. बाराला नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि जळगाव सुमारे साडेपंचाहत्तरवर. सात अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणून आपली खरी दुपार साधारण बारा अठ्ठावीसला. वर्षभरात ती साधारण पाव तास मागेपुढे होते, त्यामुळे बारापासून एकपर्यंत खुणा करत राहा. फेब्रुवारीपासून सावली आठवड्यागणिक आखडत जाईल आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात नाहीशी होईल. नंतर जुलैच्या मध्यापर्यंत ती दक्षिणेला पडते. बहुतेक मोठ्यांनी हे कधी पाहिलेलंच नसतं. सूर्याकडे थेट बघायचं नाही, बघायचं ते जमिनीकडे.

स्वस्त सामानात हे जमतं का, अशी शंका असेल तर सातपुड्यापलीकडे बघा. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) जिल्ह्यात 1972 साली सोळा ग्रामीण शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायचं काम सुरू झालं, ते पुढे शेकडो शाळांत गेलं आणि 2002 पर्यंत चाललं. अरविंद गुप्ता 1978 मध्ये तिथेच जाऊन राहिले होते. त्यांची टाकाऊतून केलेली खेळणी नेटवर बघायला मिळतात, मोठ्या बैठकीतला उरलेला अर्धा तास त्यांना द्या.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते आणि तिथे विज्ञानाला प्रात्यक्षिकही असतं. बारा-तेराव्या वर्षापासून मोठ्या बैठकीच्या शेवटी साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असं रीतसर लिहायची सवय लावा. त्याआधी चित्र आणि तारीख पुरे. तारीख मात्र हवीच, तीही मुलाच्याच हातची.

ज्यांना पहिलाच आठवडा आखायचाय त्यांनी केळी आणि काठी एवढंच घ्यावं. केळीची बाग ओळखीची नसेल तर जाताना मला भेटा, सोमवारपर्यंत फणीची सोय करू.