सहा तारांना सहा कान
(सांगलीत वादकांच्या बैठकीत दिलेलं व्याख्यान, संपादित)

तासगावची गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. गणपतीतली सुपारी होती. कीबोर्डवाला ऐनवेळी दुसऱ्या पार्टीबरोबर गेला आणि पुढचं गाणं नेमकं बासरीच्या पीसनं सुरू होणारं. मी छाती काढून म्हटलं, बासरी मी वाजवतो. गिटारवरून दुसऱ्या वाद्यांचे आवाज काढता यावेत म्हणून गिटारला नवीनच मिडी पिकअप चिकटवला होता, घरी दोन दिवस झकास चालला होता. पहिला सूर छेडला आणि स्पीकरमधून चार-पाच बासऱ्या एकदम किंचाळल्या. ढोलकीवाल्यानं हात थांबवून माझ्याकडे बघितलं. ती नजर अजून विसरलो नाही.

चूक यंत्राची नव्हती. एक तार छेडताना शेजारच्या दोन झणझणत ठेवायच्या, ही माझ्या उजव्या हाताची जुनी खोड. गिटारच्या आवाजात ती गोड लागते. पिकअपनं मात्र प्रत्येक झणझणीला स्वतंत्र स्वर मानलं आणि बासरीकडे धाडून दिलं. त्यात स्टेजच्या दिव्यांच्या धगीनं डबल साइड टेप सैल होऊन पिकअप एका कडेला बसला होता.

आता हे प्रकरण आहे काय? साधा पिकअप सहाही तारांचा मिळून एक आवाज उचलतो. मिडीचा पिकअप म्हणजे एका पट्टीत सहा छोटे पिकअप, तारेगणिक एक. म्हणून मी त्याला सहा कान म्हणतो. हे सहा आवाज वेगवेगळ्या वाटांनी यंत्रात जातात. रोलंड कंपनीच्या मूळ जीके पद्धतीत त्यासाठी तेरा पिनांची जाड केबल असते, फिशमन कंपनीच्या ट्रिपल प्लेमध्ये केबलऐवजी वायरलेस. यंत्र प्रत्येक तारेचा स्वर ओळखतं आणि एक चिठ्ठी लिहितं: अमुक स्वर, एवढ्या जोरानं, आता सुरू, आता बंद. मिडी म्हणजे आवाज नव्हे, ही चिठ्ठी. ती वाचून सारंगी वाजवायची की पियानो, हे पुढच्या सिंथनं, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या यंत्रानं, नाहीतर कॉम्प्युटरनं ठरवायचं.

मिडी आलं 1983 मध्ये. गिटार सिंथ त्याच्याही आधीचा, रोलंडचा जीआर-500 हा 1977 चा. जॅझ गिटारवाला पॅट मेथेनी ज्याच्यावर तो तुतारीसारखा आवाज काढतो त्या जीआर-300 मध्येही मिडी नव्हतं.

कीबोर्डची पट्टी दाबली की चिठ्ठी तयारच असते, कारण पट्टी ही मुळात स्विच आहे. तारेचं तसं नाही. तार छेडल्यावर आधी पिकचा खरखराट निघतो, मग ती लयीत हलायला लागते, आणि निदान एक-दोन हेलकावे पूर्ण झाल्याशिवाय स्वर कोणता ते कळतच नाही. सहावी तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला 82 वेळा हलते. म्हणजे एक हेलकावा 12 मिलिसेकंदांचा. दोन हेलकाव्यांना 24 गेले. पहिली तार 330 वेळा हलते, तिचा हेलकावा 3 मिलिसेकंदांत आटोपतो. कितीही महाग यंत्र आणा, जाड तारेला उशीर होणारच. 24 मिलिसेकंद म्हणजे किती? आवाज तेवढ्यात आठ मीटर जातो. तुम्ही स्टेजच्या या टोकाला आणि तुमचा ॲम्प त्या टोकाला, असं समजा. संथ गाण्यात खपून जातं. लावणीच्या ठेक्यावर लगेच उघडं पडतं.

यावर दोन उतारे आहेत. एक म्हणजे आवाज बघून निवडा. व्हायोलिनचा ताफा, पॅड म्हणजे मागे भरून राहणारा लांब आवाज, बासरी हे मुळात हळूच उगवतात, त्यांच्यात उशीर दडतो. पियानो आणि संतूर चुगली करतात. दुसरा उतारा मला जास्त आवडतो. बेस वाजवायचाय ना, मग जाड तारांवर जाऊच नका. चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर पांढरी तीनचा स्वर आहे, 165 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 165 हेलकाव्यांचा. तिथे वाजवा आणि सिंथला सांगा, दोन सप्तकं खाली उतर. समोर बेस गिटारची मोकळी चौथी तार ऐकू येते, 41 हर्ट्झची. यंत्राला मात्र वरचीच तार ओळखायची असते, ती 6 मिलिसेकंदांत एक हेलकावा पुरा करते. तीच बेसची तार खरोखर ओळखायची म्हटली तर एकाच हेलकाव्याला 24 लागतील.

मींडेचं, म्हणजे सूर न तोडता ओढत नेण्याचं, म्हणाल तर गिटारवाल्याचा खरा फायदा तिथेच. इंटरफेस, म्हणजे चिठ्ठी लिहिणारं ते यंत्र, मोनो मोडवर ठेवा. मग प्रत्येक तारेला आपलं चॅनल मिळतं आणि एक तार ओढली तर बाकीच्या पाच जागेवर राहतात. फक्त पिच बेंडची रेंज, म्हणजे सूर जास्तीत जास्त किती अर्धस्वर ओढला जाईल तो आकडा, दोन्हीकडे सारखी हवी. इंटरफेस 12 वर आणि सिंथ 2 वर राहिला, तर तुम्ही अख्खा एक स्वर ओढलात तरी सारंगी जेमतेम हलते आणि सगळा वाद्यवृंद बेसूर वाटतो. नव्या माणसाची निम्मी रडगाणी इथली असतात. उलट हार्मोनियमचा आवाज लावला तर बेंड बंदच करा. पेटीला मींड येते का कधी? तरी वाजवतात लोक, आणि ऐकणाऱ्याला काहीतरी चुकतंय एवढंच कळतं.

पिकअप बसवायचा ब्रिजला खेटून. शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि तार नि पिकअप यांच्यात साधारण एक मिलिमीटर फट ठेवायची. मी जाड व्हिजिटिंग कार्डं तीन एकावर एक ठेवून बघतो, अडकत अडकत सरकली की बरोबर. मग सहाही तारांची सेन्सिटिव्हिटी एकेक करून लावायची. तार नायलॉनची असेल तर हा चुंबकाचा पिकअप मुकाच राहतो, तिथे तारेची थरथर पकडणारा ब्रिजमधला पिझो पिकअप लागतो.

रेकॉर्डिंगला मात्र हे यंत्र सोन्यासारखं आहे. साध्या पिकअपचा ऑडिओ एका ट्रॅकवर आणि मिडी दुसऱ्यावर, दोन्ही एकदम घ्या. मिडीचा ट्रॅक पंधरा-वीस मिलिसेकंद मागे ओढला की उशीर गेला, स्टेजवर ही सोय नाही. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर स्वरांचे ठोकळे दिसतात त्यात बघा. टिकलीएवढे, अगदी हलक्या जोराचे ठोकळे म्हणजे तीच तासगावची भुतं. ती पुसून टाका. सगळं मात्र ग्रीडवर, म्हणजे मात्रांच्या आखलेल्या रेघांवर, बसवू नका, हाताची चाल मरते.

एकानं मघाशी विचारलं, एवढा उपद्व्याप कशाला, कीबोर्डच शिका की. शिका ना, मी नाही म्हणत नाही. पण माझी बोटं कॉर्ड धरतात ती गिटारच्या रचनेत. तेच सूर व्हायोलिनच्या ताफ्याला दिले की कीबोर्डवाल्याच्या बोटाखाली सहज न येणारी मांडणी निघते. मला तेवढं कारण पुरतं.

मिरजेहून आलेले सतार बनवणारे चाचा विचारतायत, सतारीला बसेल का हे? चाचा, तुमच्या गल्लीच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ज्या गुणासाठी ती वाद्यं नावाजली तोच या यंत्राचा वैरी आहे. जवारी. घोडी घासून घासून तुम्ही तारेतून जो झणत्कार काढता, त्यात मूळ सुरापेक्षा वरचे सूर कधीकधी जास्त चमकतात. आपल्या कानाला ते सौंदर्य. यंत्र कधी वरच्या सप्तकाची चिठ्ठी लिहितं, कधी पंचमाची. माझ्या गिटारची ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, फार खाली असली आणि तार फ्रेटला घासली, तरी हेच होतं. खाली तरफा, म्हणजे न छेडता गुंजणाऱ्या तारा, आपोआप बोलतात, ते वेगळंच. पितळी तार चुंबकाला जुमानत नाही, ते आणखी वेगळं.

पण एक करून बघू. जुनी, कामातून गेलेली एखादी सतार काढा. तरफांवर फडकं कोंबा, घोडी सपाट करा, एकटी बाजाची, म्हणजे वाजवायची मुख्य, पोलादी तार ठेवा. येत्या रविवारी दुकानात येतो. डबल साइड टेप नाही आणणार, स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो.