सत्तावन्न की पंच्याहत्तर

(दृश्य : कसबा पेठेतली एक मराठी शाळा. सकाळ. दुसरीचा वर्ग.)

फळ्यावर २९ लिहिलंय. बाई विचारतात, "हे करून दाखवतं का कुणी?" एक मुलगी पुढे येते. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे उचलते, शेजारी सुट्या काड्या मांडायला लागते. सहाव्या काडीशी अडखळते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजते. बाई थांबतात. कुणीच तिला घाई करत नाही.

याच पेठेत, १९८८ साली, मी दुसरीत होतो. वर्गात साठ मुलं. एकानं पुढे उभं राहून पाढा सांगायचा, बाकीच्यांनी मागून म्हणायचा. बे एके बे, बे दुणे चार. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळायचं, आज कितीचा पाढा चाललाय. चौथी संपेपर्यंत तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ. वडिलांच्या पिढीनं तर पावकी, निमकी, सवायकी, दिडकीही घोकली होती. ते पाठांतर अजून साथ देतं. मंडईत हिशोब करताना माझा हात मोबाईलकडे जात नाही.

(दृश्य : लाकडी चौकटीची दगडी पाटी. ओल्या फडक्याची डबी.)

लिहायला पाटी होती. चुकलं की फडकं फिरवायचं. पण चुकीबरोबर ती कशी झाली हेही पुसलं जायचं. बाईंना दिसायचं फक्त उत्तर.

माझं सत्तावन्न नेहमी चुकायचं. मी पंच्याहत्तर लिहायचो. कानावर आधी 'सत्ता' पडायचं, म्हणून हात आधी ७ काढायचा, मग ५. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, हे मला कुणी सांगितलं नाही. फूटपट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर बसायची. मी 'ढ' आहे, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

मारण्यावर कायद्यानं बंदी आली ती शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

(दृश्य : सेनापती बापट रस्ता. बालभारतीची इमारत.)

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नवी रीत आली. सत्तावन्नच्या जोडीला 'पन्नास सात'. केवढा गदारोळ झाला! कट्ट्याकट्ट्यावर वाद, वर्तमानपत्रांत पत्रं, विषय थेट विधानसभेत. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या पुण्याच्याच गणितज्ञ मंगला नारळीकर. जोडाक्षरांनी भरलेली, उलट्या क्रमाची ही नावं लहान मुलांना जड जातात, असं त्या शांतपणे समजावून सांगत होत्या. जुने शब्द काढलेलेही नव्हते. दोन्ही रीती पुस्तकात होत्या.

खरं सांगतो, तेव्हा मलाही राग आला होता. आपल्या भाषेतले शब्द कशाला मोडायचे? मग एका रात्री पाटीवरचं ते पंच्याहत्तर आठवलं. ओल्या पाटीचा वाससुद्धा आठवला. पन्नास सात असं मला एकदा जरी कुणी म्हणून दाखवलं असतं...

बाकी बदल कुणालाही दिसतील असे. पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड, भिंतीवर मोठा पडदा. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा घरातल्या एकाच मोबाईलवर दोन भावंडं शाळा करत होती. पेन्सिल धरलेल्या बोटांवर बाईंचा हात नव्हता. त्या वर्षी पहिलीत असलेल्या कितीतरी मुलांना पुढे मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागली. पडद्यानं काय होत नाही, ते तेव्हा समजलं.

(दृश्य : पुन्हा वर्ग.)

मुलीच्या नऊ काड्या मांडून झाल्यात. "वीस नऊ," ती म्हणते. "म्हणजे एकोणतीस."

मागच्या बाकावरून एक मुलगा विचारतो, "बाई, पण एकोणतीसमध्ये तीस कुठून आलं?"

माझ्या वर्गात हा प्रश्न विचारायची कुणाची छाती झाली नसती. आणि चाळीस वर्षांत तो मला सुचलाही नव्हता.

बाई त्याला पुढे बोलावतात. त्याच्या हातात आणखी एक काडी देतात. तो ती नऊ काड्यांत मिसळतो, रबर लावतो. तीन गठ्ठे. तीस. "आता त्यातली एक काढ," बाई म्हणतात. "ऊन म्हणजे कमी. एक ऊन तीस."

मुलगा काडी उपसून हातात धरतो. ओठांतल्या ओठांत म्हणून बघतो, "एक... ऊन... तीस."

मागे बसून मीही म्हणून बघतो.