गाडी थांबणार नाही

(अंधार. रुळांचा खडखडाट. मग ओरानियनबुर्गर श्ट्रासं स्टेशनाच्या भिंतीवरची पाटी, अगदी जवळून.)

ही अक्षरं नीट बघा. जुन्या जर्मन वळणाची, टोकदार. १९३६ साली हे स्टेशन सुरू झालं, तेव्हाचं हे वळण. पुढे कितीतरी वर्षं ही पाटी वाचायला फलाटावर एकही प्रवासी नव्हता.

हा बर्लिनच्या पोटातून उत्तर-दक्षिण जाणारा एस-बानचा बोगदा. एस-बान म्हणजे तिथली लोकल. बोगदा जवळपास सहा किलोमीटरचा, आणि त्यात सहा स्टेशनं.

आधी उत्तरेच्या गाड्या श्टेटिनर स्टेशनात येऊन संपायच्या, दक्षिणेच्या पोट्सडामर आणि आनहाल्टर स्टेशनात. मधलं शहर ज्याचं त्यानं पार करायचं. ही दोन टोकं जोडायचा विचार हिटलरच्या आधीचा. काम मात्र १९३४ला नाझी राजवटीत सुरू झालं आणि श्रेयही त्यांनीच लाटलं.

(बांधकामाची जुनी छायाचित्रं.)

बर्लिन वाळूवर वसलंय. थोडं खणलं की पाणी लागतं. म्हणून आधी विहिरी पाडायच्या, पंप लावायचे, जमिनीतलं पाणी खाली उतरवायचं. मग दोन्ही कडांना लोखंडी तुळया उभ्या ठोकायच्या. दोन तुळयांच्या मध्ये लाकडी फळ्या आडव्या बसवत, पाचर मारत, हात-हात खाली जायचं. या फोटोत फळ्यांच्या फटी दिसतात बघा. सगळ्या वाळूचा भार त्यांच्यावर. तळ गाठला की काँक्रीटची पेटी बांधायची, पाणी शिरू नये म्हणून तिला वेढून थर द्यायचे, वरून माती लोटायची, आणि रस्ता पुन्हा होता तसा. तोवर पंप बंद पडून चालत नाही. रात्र असो, रविवार असो.

उंटर डेन लिंडेन, म्हणजे ‘लिंडेनच्या झाडांखाली’. या खोदाईपायी त्या रस्त्यावरची लिंडेनच तोडली गेली. नाव तेवढं राहिलं.

२० ऑगस्ट १९३५. ब्रांडेनबुर्ग गेटजवळ खड्ड्याची भिंत कोसळली. १९ कामगार गेले.

१९३६च्या जुलैअखेरीस, ऑलिंपिकच्या तोंडावर, उत्तरेकडचा तुकडा सुरू झाला. उरलेला १९३९ साली.

(लांडवेर कालवा. संथ पाणी.)

१९४५, युद्धाचे शेवटचे दिवस. या कालव्याखाली स्फोट झाला, बोगद्याच्या छताला भगदाड पडलं आणि कालवा आत उतरला. फ्रीडरिशश्ट्रासंच्या पादचारी जोडमार्गातून पाणी शेजारच्या भुयारी मेट्रोतही घुसलं. सुमारे २५ किलोमीटरचे बोगदे बुडाले. आत माणसंही होती. पुन्हा पंप आले. बोगदा पुरता सुरू व्हायला नोव्हेंबर १९४७ उजाडला.

(नॉर्डबानहोफ, म्हणजे पूर्वीच्या श्टेटिनर स्टेशनाचा फलाट. मंद दिवे.)

ऑगस्ट १९६१, पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या मध्ये भिंत उभी राहिली. बोगद्याची दोन्ही टोकं पश्चिम बर्लिनकडे, मधली पाच स्टेशनं पूर्वेत. गाड्या धावत राहिल्या, फक्त थांबेनात. चार स्टेशनांच्या जिन्यांना टाळं लागलं, फलाटांवर सैनिकांचा पहारा बसला. खिडकीतून क्षणभर एक फलाट दिसायचा, पुन्हा काळोख. पश्चिमेच्या लोकांनी त्यांना नाव दिलं, भुतांची स्टेशनं.

फ्रीडरिशश्ट्रासंला तेवढी गाडी थांबायची. पश्चिमेचे प्रवासी फलाट बदलायचे, आणि पूर्वेच्या सरकारी टपरीवरून पश्चिमेच्या पैशात स्वस्त सिगारेटी घेऊन पुढच्या गाडीत चढायचे. सीमा कडेकोट, पण गल्ला उघडा!

मग भिंत पडली. जुलै १९९०मध्ये ओरानियनबुर्गर श्ट्रासं उघडलं, सप्टेंबरात नॉर्डबानहोफ आणि उंटर डेन लिंडेन. पोट्सडामर प्लाट्झला मार्च १९९२ लागला.

डागडुजी झाली, दिवे आले. ही टोकदार पाटी मात्र उतरवली नाही, ते उत्तम केलं. नवी, चकचकीत पाटी लावणं सोपं होतं.

(गाडी शिरते. दारं उघडतात. आवाज तसाच ठेवावा.)