दुर्बिणीच्या रंगाचे उडालेले टवके

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी सरली की खान्देशातलं आकाश निवळतं. पाटणादेवी, पाल, तोरणमाळ असे बेत ठरू लागतात आणि मग कुणीतरी वापरलेली दुर्बीण घरी आणतं. आरसा चांगला असतो, फोकसर, म्हणजे दृश्य स्पष्ट करायला आयपीस पुढे-मागे सरकवणारा भाग, गुळगुळीत चालतो, पण पांढऱ्या नळीवर दोन-चार ठिकाणी रंगाचे टवके उडालेले असतात. नळी धरून ठेवणाऱ्या रिंगांच्या कडेला चरे पडलेले असतात, मागच्या काठाला थोडा गंज असतो. आज बोलायचंय ते एवढ्याच दुरुस्तीबद्दल.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. जेवढा टवका उडालाय, तेवढ्याच जागेला रंग लावा. सगळी नळी खरवडून नव्याने रंगवायचा मोह होतो, तो टाळा. कारखान्यात नळीवर बहुतेक वेळा पावडर कोटिंग असतं. रंगाची कोरडी भुकटी फवारून ती सुमारे १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात. तो थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि फार चिवट असतो. घरी डबीतून लावलेला कुठलाही रंग त्याची बरोबरी करत नाही. म्हणजे चांगला थर काढून त्याच्या जागी कच्चा थर बसवल्यासारखं होतं.

रंगाच्या डबीला हात लावण्याआधी टवका का उडाला ते बघा. त्या जागी नळी चेपली असेल तर दुर्बीण पडलेली आहे. पुढच्या तोंडाजवळ पोचा असेल तर दुय्यम, म्हणजे पुढचा लहान आरसा धरणाऱ्या पात्या वाकल्यात का ते तपासा. मागच्या बाजूला असेल तर मुख्य आरशाची बैठक तिरकी झाली नाही ना, ते पाहा. हे आधी नीट करायचं, रंगाचं नंतर. उथळ पोचा प्रकाशाच्या वाटेत येत नसेल तर तो राहू द्या. ठोकून काढायला गेलात की आजूबाजूचा चांगला रंगही तडकतो. त्यात जाड लांबी भरणंही बरोबर नाही. पातळ पत्रा हाताळताना थोडा लवतो, लांबी लवत नाही, आणि काही महिन्यांत ती कडेने सुटून येते.

आता दोन सोप्या चाचण्या. पहिली नखाची. चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर जखम वरवरची आहे. तिथे रंग लावायचाच नाही, मोटारीला वापरतात ते बारीक रबिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन हलक्या हाताने घासलं की काम होतं. दुसरी चाचणी लोहचुंबकाची. फ्रिजवर चिकटवायचा चुंबकही चालेल. नळीला चिकटला तर पत्रा लोखंडी, नाही चिकटला तर बहुधा अॅल्युमिनियम. न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या दुर्बिणींच्या नळ्या बऱ्याचदा पोलादी पत्र्याच्या असतात, भिंगाच्या दुर्बिणींच्या बहुतेक अॅल्युमिनियमच्या. हे कळायलाच हवं, कारण दोघांचं अस्तर वेगळं. पोलादाला झिंक फॉस्फेटचा करडा प्रायमर लावा. रेड ऑक्साइडही चालतो, पण पांढऱ्या रंगाखालून त्याची लाली डोकावते आणि ती झाकायला दोन हात जास्त द्यावे लागतात. अॅल्युमिनियमवर साधा प्रायमर नीट धरत नाही, पापुद्रा होऊन निघतो. त्याला एच (etch) प्रायमर लागतो. मोटारीच्या रंगाच्या दुकानात याच नावाने मागा.

काचेची काळजी. टवका नळीच्या मध्यावर असेल आणि रंग काडीने लावणार असाल तर दोन्ही तोंडं पॉलिथिनने घट्ट बांधली की पुरे. स्प्रे वापरणार असाल तर मात्र दोन्ही आरसे काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. आरशावरचा अॅल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. त्यावर रंगाचं तुषार बसलं तर ते पुसताना थरही जातो. मुख्य आरसा काढताना नळी आडवी ठेवा, म्हणजे निसटलेला स्क्रू आरशावर पडणार नाही. स्क्रू सोडण्याआधी नळी आणि बैठक यांच्या सांध्यावर मास्किंग टेप लावून पेन्सिलीने एक रेघ ओढा. परत बसवताना रेघेला रेघ जुळली की बैठक पूर्वीसारखीच फिरून बसते. आरशाच्या चकचकीत बाजूला बोट, कागद, कापूस काहीही लागू देऊ नका. भिंगाच्या दुर्बिणीत भिंगाची बैठक अख्खी फिरकीने सुटत असेल तर तेवढीच सोडवा. भिंगं धरून ठेवणारी आतली कडी कधीच उघडू नका, कारण दोन भिंगांचा क्रम, त्यांच्यातलं अंतर आणि एकमेकांशी असलेला कोन ठरवून दिलेला असतो.

मग सफाई. लिटरभर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या लिक्विडचे चार थेंब टाका आणि फडकं घट्ट पिळून पुसा. धुण्याचा सोडा नको, तो अॅल्युमिनियम खातो आणि अॅनोडाइझ केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने कठीण थर चढवलेल्या भागांवर पांढुरके डाग पाडतो. वापरलेल्या दुर्बिणीत आणखी एक गोष्ट सांभाळायची. विकण्याआधी ती चमकावी म्हणून पुष्कळदा मोटारीच्या डॅशबोर्डचं पॉलिश फिरवलेलं असतं. त्यातलं सिलिकॉन दिसत नाही, पण नवा रंग त्यावर टेकला की थेंब आकसतो आणि मधे माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा पडतो. कितीही हात द्या, खड्डा भरत नाही. यासाठी टवक्याभोवतीची चार बोटं जागा मिनरल टर्पेंटाइनच्या ओल्या फडक्याने पुसायची आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. फडकी बदलत दोन-तीनदा हेच करा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात फिरवा. त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका, घामातलं तेल आणि मीठ दोन्ही रंगाचे वैरी आहेत.

रंग कोणता घ्यायचा? आधी जुना रंग ओळखा. रिंगेखाली झाकल्या जाणाऱ्या जागेवर एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा दहा सेकंद टेकवा. बोळ्याला रंग उतरला तर जुना रंग लॅकर जातीचा, म्हणजे नुसतं थिनर उडून सुकणारा आहे. नुसता मऊ पडून सुरकुतला तर तो बहुधा ऑइल पेंट, म्हणजे इनॅमल आहे. काहीच झालं नाही तर भाजलेलं पावडर कोटिंग समजा. लॅकरवर आणि पावडरवर एन.सी. किंवा अॅक्रिलिक टच-अप रंग चालतो. इनॅमलवर एन.सी. लावलात तर थिनर खालच्या थराला उचलतो आणि टवक्याभोवती सुरकुत्यांचं कडं उभं राहतं, तिथे पाण्यावर पातळ होणारा अॅक्रिलिक बरा. पांढऱ्या नळीला पांढरा ऑइल पेंट आम्ही सुचवत नाही. डब्यात, कपाटात, अंधारात ठेवलेल्या वस्तूवर तो पिवळट पडतो आणि दुर्बीण तर बहुतेक काळ झाकलेलीच असते. हार्डनर मिसळायचा पी.यू. (पॉलियुरेथेन) रंग टिकाऊ आहे, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. घरच्या छोट्या कामाला तो नकोच.

पांढऱ्याच्याही छटा असतात. कुणी निळसर, कुणी दुधी, कुणी उन्हाने पिवळावलेला. दुकानातलं शेडकार्ड नळीला लावून दिवसाच्या उजेडात, सावलीत बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग सकाळी वेगळा दिसतो. पुठ्ठ्यावर ठिपका लावून पूर्ण सुकल्यावर मगच निर्णय घ्या, ओला रंग फसवतो. काळ्या नळीत चमकीचे कण असतील तर ते जुळवायच्या मागे लागू नका. साधा काळा ठिपका वीतभर अंतरावरूनही कमी खटकतो.

आता प्रत्यक्ष काम. टवक्याच्या कडेला सैल झालेला रंग ब्लेडच्या टोकाने अलगद उचलून काढा, घट्ट बसलेला रंग लागेपर्यंतच. गंज असेल तर तो पांढरं लखलखीत लोखंड दिसेपर्यंत काढायला हवा. १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग ३२०. रंगाखाली गंज फुगलेला असतो तो दिसतो त्यापेक्षा आत पसरलेला असतो, तेव्हा फुगवट्याच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर तरी जा. उघडं लोखंड रात्रभर तसंच ठेवू नका, तासाभरात प्रायमर द्या. मात्र प्रायमरच्या आधी ६०० नंबरने रंगाची कड उतरती करा, म्हणजे धातूपासून रंगापर्यंत बोट फिरवताना पायरी लागणार नाही.

प्रायमर आणि रंग दोन्हींसाठी दात कोरायची लाकडी काडी ब्रशपेक्षा चांगली. ब्रशने रंग टवक्याबाहेर चांगल्या रंगावर जातो आणि डाग होता त्यापेक्षा मोठा दिसतो. काडीच्या टोकावर मोहरीएवढा थेंब घ्या, टवक्याच्या मध्यावर टेकवा आणि काडी उचला. थेंब स्वतःच कडेपर्यंत पसरतो. ओढू नका, चोळू नका. थिनर उडून गेला की रंग खाली बसतो, टवका पुन्हा खोल दिसू लागतो. यात काही चुकलेलं नाही. अर्ध्या तासाने दुसरा थेंब, असे तीन ते पाच हात द्या. शेवटचा हात सुकल्यावर रंग आजूबाजूपेक्षा किंचित उंच राहिला पाहिजे. घाईने एकच जाड थेंब टाकला तर वरची साय सुकते, आतलं थिनर अडकतं आणि पुढे तिथे बुडबुडा येतो.

त्यानंतर एक आठवडा नळी बाजूला ठेवून द्या. आठवडाभराने मास्किंग टेपच्या तुकड्याला टवक्याच्या आकाराचं भोक पाडून तो भोवती चिकटवा, म्हणजे जुना रंग घासला जाणार नाही. मऊ खोडरबराला २००० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळा, साबणाच्या पाण्यात बुडवा आणि नळीच्या लांबीच्या दिशेने, वजन न टाकता फिरवा. लाकडी ठोकळा गोल नळीवर एका रेघेतच टेकतो आणि तिथला रंग कापतो, म्हणून रबर. उंचवटा टेपच्या पातळीला आला की टेप काढा, आणखी पाच-सहा हलके हात आणि थांबा. जुना थर ६० मायक्रॉनचाच आहे, हे हाताला माहीत असू द्या. शेवटी रबिंग कंपाउंड.

स्प्रेचा डबा फक्त मोठ्या जागेला, म्हणजे तळहाताएवढा रंग गेला असेल तेव्हा. डबा २५ ते ३० सेंटीमीटर दूर धरा, फवारा जागेच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, दोन हातांमध्ये दहा मिनिटं थांबा.

आपल्याकडे हवा फार ठरवते. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात रंगाचे तुषार पत्र्यावर पोहोचायच्या आधीच सुकतात आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरासारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात उलटं. थिनर उडताना पत्रा थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि एन.सी. रंगावर दुधट झाक चढते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ उत्तम, दव पूर्ण उडून गेलेलं असतं. मात्र हेच दिवस कापसाचे. भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवलेला असेल तर त्या खोलीत रंगकाम करू नका. डोळ्यांना न दिसणारी तूस ओल्या रंगावर बसते आणि सुकल्यावर केसासारखी उठून दिसते. त्यातून थिनर आणि कापूस एका खोलीत असणं आगीच्या दृष्टीनेही वाईट. चूल, गॅस, देवघरातला दिवा, सगळ्यांपासून लांब, मोकळ्या हवेशीर जागेत बसा. अंगणात काम असेल तर आधी सडा मारून तासभर थांबा, धूळ बसते. रंगाचे डबे उन्हातल्या गाडीत ठेवू नका, ५० अंशांच्या वर स्प्रेचा डबा फुटू शकतो. आणि नळी वाळवायला उन्हात ठेवताना आत आरसा किंवा भिंग असेल तर तोंड झाकलेलंच हवं, सूर्याचा झोत कुठेही एकवटून पेट घेऊ शकतो.

काही भागांना रंग लावायचाच नाही. माउंटवर, म्हणजे दुर्बीण धरणाऱ्या स्टँडवर बसणारी डव्हटेल पट्टी, फोकसरची सरकणारी नळी, सगळे आटे, अंशांच्या खुणा असलेल्या चकत्या. तिथे रंगाचा थर म्हणजे अडकणं किंवा घसरणं. काळं अॅनोडाइझिंग खरचटलं असेल तर तसंच ठेवा. मार्करची शाई तिरक्या उजेडात जांभळी दिसते.

नळीच्या आतल्या रंगाची गोष्ट निराळी. बाहेरचा टवका डोळ्यांना खुपतो, आतला चंद्राच्या दृश्यावर पांढुरकी झाक आणतो. दिवसा दुर्बीण मोकळ्या आकाशाकडे, सूर्यापासून दूर वळवा, आयपीस (डोळा लावायचं भिंग) काढा आणि फोकसरमधून आत बघा. जिथे भिंत चकाकते तिथे काम आहे. फळ्याचा मॅट काळा रंग पुरतो. तिरक्या प्रकाशात मॅट रंगही चमकतो, म्हणून फोकसरच्या समोरच्या भागात ओल्या रंगावर चाळलेला बारीक लाकडी भुसा भुरभुरवा, सुकला की सैल भुसा झटका आणि त्यावर रंगाचा आणखी एक हात द्या. भुशाचा एकही कण सुटत नाही याची खात्री झाल्यावरच आरसा आत जाऊ द्या.

आरसे बसवले, रेघ जुळवली की कॉलिमेशन करा, म्हणजे आरसे पुन्हा एका रेषेत जुळवा, ते बदललेलं असणारच. दुरुस्त केलेली जागा रिंगेखाली येत असेल तर पंधरा दिवस रिंग तिथे आवळू नका, आतली फेल्टची मऊ पट्टी कोवळ्या रंगाला चिकटते आणि तिची जाळी कायमची उमटते. तोवर रिंग दोन बोटं पुढे सरकवा आणि तोल पुन्हा साधून घ्या. रात्री दव पडून भिजलेली नळी लगेच पेटीत बंद करू नका. पेटीतला फोम ओल धरून ठेवतो आणि मागच्या काठाचा गंज तिथूनच सुरू होतो. आधी कोरड्या फडक्याने टिपा, घरात तासभर उघडी ठेवा, मग पेटीत. उरलेला रंग काचेच्या लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून, झाकण घट्ट लावून, वर छटेचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.