ग्राफिक्स कार्डाच्या आधी घरातला प्लग बघा

मंडळी, तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाइलमध्ये पार्टांची यादी तयार असणार आणि तिच्यात सगळ्यात वर ग्राफिक्स कार्ड असणार. मी यादी खालून वाचतो: घरातला प्लग, अर्थिंग, यूपीएस, पॉवर सप्लाय, आणि मग बाकीचं. गोव्यात पहिला कॉम्प्युटर जुळवताना हाच क्रम धरावा, एवढंच सांगायला मी आलोय.

डिचोली, सत्तरीकडच्या जुन्या घरांत कित्येकदा प्लगला तिसरं भोक असतं, पण त्याच्यामागे तारच नसते. अशा घरात कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लागलं की झिणझिणतं. लोकांना वाटतं, पार्ट खराब निघाला. पार्ट ठीक असतो. पॉवर सप्लायमधला फिल्टर थोडासा प्रवाह अर्थच्या तारेत सोडतो. तार नसली की तो पत्र्यावर येतो. सहसा एवढ्याने कुणाच्या जिवाला धोका नसतो, पण हेडफोनमध्ये गुणगुण येते, आणि आत खरोखरच शॉर्ट झालं तर फ्यूज उडायला वाटच उरत नाही. तेव्हा पार्ट मागवण्याआधी वायरमनला बोलवा.

आता यूपीएस. दुकानात सर्रास मिळतो तो ६०० व्हीएचा, आणि त्याच्यावर बारीक अक्षरात ३६० वॉट लिहिलेलं असतं. यूपीएस किती भार पेलेल याचा खरा आकडा तो. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर भरात असताना साधारण ८८ वॉट घेतो, आरटीएक्स ५०६० टीआय कार्ड १८०. त्यात मदरबोर्ड, पंखे, एसएसडी आणि मॉनिटर धरा. ३६० ची हद्द जवळ आलीच. मग नेमका खेळ रंगात आलेला असताना वीज जाते आणि यूपीएसही ओरडून बंद पडतो. १००० व्हीएच्या पुढचा घ्या, आणि परवडत असेल तर शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, देणारा. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज नीट खेचणारं सर्किट, असतं, आणि काही स्वस्त यूपीएसांशी त्याचं पटत नाही.

पॉवर सप्लाय ६५० वॉटचा घेतला तर बिल वाढेल का, असं आई-बाबा विचारतात. नाही वाढत. कॉम्प्युटरला लागेल तेवढीच वीज तो घेतो. फक्त कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या पॉवर सप्लायवर विसंबू नका. पाच-सात वर्षांची वॉरंटी असलेला निवडा. तो पुढच्या मशीनमध्येही चालेल.

मग काम कुठलं ते ठरवा. आपल्याकडे जत्रेतली नाटकं चित्रित करून यूट्यूबवर टाकणारी मुलं बरीच आहेत. दोन-तीन कॅमेऱ्यांचं फोर-के चित्रण, रात्रभराचं नाटक, आणि एडिटिंग संपलं की खेळ. अशांना मी विचारतो, कॅमेरा कुठला? कारण बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणारं, चित्रण होतं, आणि एनव्हिडियाच्या ४० मालिकेतली कार्डं त्या फायली हार्डवेअरवर उलगडू शकत नाहीत. २०२५ साली आलेली ५० मालिका ते करते. म्हणजे जुनं, महागडं कार्ड स्वस्तात मिळालं तरी एडिटिंगची टाइमलाइन अडखळू शकते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी कार्डाच्या वेगाआधी त्याची मेमरी बघावी. दृश्य ८ जीबीत मावलं नाही की वेगाला अर्थ राहत नाही. आणि काम टॅली, एक्सेल, थोडं कोडिंग एवढंच असेल तर कार्ड सरळ खेळासाठी निवडा, कामाचं निमित्त करून घरच्यांना गंडवू नका.

प्रोसेसर निवडताना त्याचं सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर तो बसतो ती जागा, पाहा. एएमडीचं एएम५ २०२२ मध्ये आलं, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही ते चालू ठेवू असं कंपनीचं म्हणणं आहे. आज सहा कोरांचा घेऊन उद्या त्याच बोर्डवर मोठा बसवता येतो. पहिल्या मशीनला ही सोय मला मोलाची वाटते. त्यात डीडीआर५ रॅमच लागते, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले की जुन्या व्हिडिओतली बजेटं आता कामाची नाहीत. म्हणून मी आज किमती सांगतच नाही. रॅम मात्र एक मोठी घेण्यापेक्षा दोन सारख्या घ्या आणि चार खाचांच्या बोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवा.

कॅबिनेट पुढून जाळीचं आणि धूळ अडवणारं फिल्टर सहज काढता येईल असं हवं. आपली तांबडी धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा एकत्र आली की आत चिकट थर बसतो. पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका; रोज थोडं चाललं तर आतलं दमट वातावरण सुकतं. मागच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या टाकून देऊ नका, त्यातून पाल आत शिरते. हसताय, पण पॉवर सप्लायमध्ये शिरलेली पाल स्वतःही जाते आणि मशीनही नेते. गडगडायला लागलं की प्लगबरोबर इंटरनेटची (लॅनची) केबलही काढा, विजेचा झटका तिच्यातूनही येतो.

जोडणी झाल्यावर पहिल्यांदा बटण दाबाल तेव्हा पडदा काही मिनिटं काळाच राहील. एएम५ वर मेमरीची जुळवणी चाललेली असते. घाबरून बटण दाबत बसू नका. मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं एक्स्पो चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० नेच चालेल. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावू नका, ग्राफिक्स कार्डाला लावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये तो आकडा स्वतः निवडावा लागतो, बरेच जण महिनोन्महिने ६० वरच खेळतात. जीएसटीचं बिल आणि खोकी जपून ठेवा, वॉरंटीला लागतील. बोला, कुणाची यादी आधी बघू?