मेरीचा काटा आणि सुटत नसलेली गाठ

नमस्कार मंडळी. साथ आली की घरात दोन पार्ट्या पडतात, तुमच्याकडेही पडल्या असतील. एक म्हणते सगळ्यांना कोंडा, दुसरी म्हणते मला काही होत नाही, मला कोण अडवणार. आणि "मला काही होत नाही" म्हणणाराच सगळ्यात जोरात खोकत असतो, ते जाऊ दे. या भांडणात मी दरवेळी एकाच बाईची गोष्ट सांगते, आजही तीच.

मेरी मॅलन. मूळची आयर्लंडची, न्यूयॉर्कात श्रीमंतांकडे स्वयंपाक करायची. १९०६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या ऑयस्टर बे गावात एका बँकरने भाड्याने घेतलेल्या घरात ११ माणसं, त्यातली ६ टायफॉइडने आडवी. घरमालकाला टेन्शन, आता हे घर भाड्याने घेणार कोण, म्हणून त्याने जॉर्ज सोपर नावाच्या सॅनिटरी इंजिनिअरला, म्हणजे पाणी-सांडपाणी-स्वच्छता तपासणाऱ्या माणसाला, गाठलं. सोपरने सगळं तपासलं, काहीच सापडेना, मग कळलं की आजार सुरू व्हायच्या थोडं आधी नवी स्वयंपाकीण आली होती आणि नंतर ती निघूनही गेली. आता तुम्ही म्हणाल शिजवलं की जंतू मरतात, बरोबर, पण ही बाई आइस्क्रीम फार छान करायची, कच्चे पीच कापून घातलेलं!

सोपरने तिला शोधून काढलं आणि सरळ म्हणाला, लघवी, शौच, रक्त तपासायला द्या. विचार करा, ठणठणीत बाई, स्वतःच्या कामात, आणि अनोळखी बाप्या येऊन हे मागतोय. तिने मांस कापताना वापरायचा मोठा काटा उचलला, साहेब जे पळाले ते थेट रस्त्यावर. मग शहराच्या आरोग्य खात्याच्या डॉ. जोसेफिन बेकर पोलीस घेऊन गेल्या तर मेरी गायब, काही तासांनी सापडली, आणि अँब्युलन्समध्ये बेकरबाई हॉस्पिटल येईपर्यंत चक्क तिच्या अंगावर बसून गेल्या. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

तपासणीत टायफॉइडचे जंतू निघाले, म्हणजे स्वतः आजारी नसून ती ते पसरवत होती. रवानगी न्यूयॉर्कमधल्याच नॉर्थ ब्रदर बेटावर, साथीच्या रोग्यांना वेगळं ठेवायच्या जागी. गुन्हा नाही, शिक्षा नाही, सुटकेची तारीख नाही. तारीख नाही, हे लक्षात ठेवा. पेपरात तिचं नाव गाजलं 'टायफॉइड मेरी'. माणसाच्या नावाला आजार चिकटवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, पण तो विषय वेगळा, परत कधीतरी. १९०९ ला ती कोर्टात गेली, हरली. १९१० ला सोडलं, मुख्य अट, स्वयंपाक करायचा नाही. मग कपडे धुवायचं काम, पैसे कमी. आणि १९१५ मध्ये एका बाळंतिणींच्या हॉस्पिटलात २५ जणांना टायफॉइड, २ दगावले, स्वयंपाकघरात कोण तर 'मिसेस ब्राउन', म्हणजे आपली मेरीच. पुन्हा बेट, १९३८ मध्ये मरेपर्यंत.

पहिल्या वेळी मी पूर्ण तिच्या बाजूने. दुसऱ्या वेळी नाही हो, त्या हॉस्पिटलातल्या लोकांनी काय केलं होतं? पण त्याच शहरात असे धडधाकट दिसणारे वाहक आणखीही सापडले होते, त्यांना कुणी असं जन्मभर डांबलं नाही.

याच काळात, १९०५ ला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने देवीच्या लशीबद्दल सांगितलं की राज्य सक्ती करू शकतं. पण ज्याने लस नाकारली त्याला काय झालं? ५ डॉलर दंड. धरून सुई टोचली नाही. फरक बघा, ५ डॉलर आणि अख्खं आयुष्य.

म्हणून मी साथीतली बंदी ऐकली की तीनच गोष्टी बघते. कधी उठणार? दाद कुठे मागायची? आणि कामाचे पैसे कोण देणार? परत सांगते, तारीख, दाद, पैसे. बाकी सरकारी नोटिशीतली भाषा मला तशीही कळत नाही.

बेटावर पुढे मेरीला तिथल्याच लॅबमध्ये काम मिळालं. पगारी. १९१० ला सोडताना असं काही हातात दिलं असतं तर ती परत चुलीपाशी गेली असती का? बरं, वेळ झाली, इथे थांबते. नमस्कार.