२२ टक्के आणि एक वाक्य

एक प्रश्न ऐका.

‘नाझींनी ज्यूंचा संहार केला हे कधी घडलंच नाही, असं असणं तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य?’

संहार झाला, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. मग उत्तर काय द्यायचं? ‘अशक्य.’ म्हणजे ‘हो, झाला’ हे सांगायला तोंडातून नकार काढायचा. प्रश्न लिहून समोर ठेवला तरी दोनदा वाचावा लागतो. कुणी नुसता ऐकवला, तर गफलत व्हायचीच.

१९९२ मध्ये अमेरिकेत रोपर या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं हाच प्रश्न विचारला. २२ टक्के लोक ‘शक्य’ म्हणाले. १९९३ मध्ये वॉशिंग्टनला या संहाराचं स्मृतिसंग्रहालय उघडलं, त्याच सुमारास हा आकडा बाहेर आला आणि लोक हादरले. छळछावण्यांतून वाचलेली माणसं तेव्हा हयात होती. त्यांच्याही कानावर तो गेला.

१९९४ मध्ये प्रश्न सरळ करून पुन्हा विचारला : ‘हे घडलंच नाही असं तुम्हाला शक्य वाटतं, की ते घडलं याची खात्री आहे?’ ‘शक्य’ म्हणणारे १ टक्का निघाले. ९१ टक्क्यांना खात्री होती. गोंधळ वाक्यात होता. तो लोकांच्या माथी मारला गेला. मला हा फार मोठा अन्याय वाटतो.

बरं, सोप्या प्रश्नातही कौल फिरतो. जनमताचे अभ्यासक डोनाल्ड रग यांनी १९४१ मध्ये मांडलेला दाखला बघा. ‘लोकशाहीविरोधी भाषणांना अमेरिकेनं परवानगी द्यावी का?’ ६२ टक्के म्हणाले, देऊ नये. तशाच दुसऱ्या गटाला विचारलं, ‘अशा भाषणांवर बंदी घालावी का?’ घालावी म्हणणारे ४६ टक्केच. व्यवहारात दोन्ही एकच. पण ‘बंदी’ म्हणताना जीभ अडखळते.

जानेवारी २००३. सद्दाम हुसेन यांची राजवट संपवायला लष्करी कारवाई करावी का, असं प्यू संशोधन केंद्रानं विचारलं. ६८ टक्के अनुकूल. ‘आपले हजारो सैनिक मेले किंवा जखमी झाले तरीही?’ एवढी जोड मिळताच ४३. यातला एकही आकडा खोटा नाही. पहिल्या प्रश्नात फक्त किंमत सांगितलेली नव्हती. मार्चमध्ये युद्ध सुरू झालं.

सार्वमतात तर प्रश्न थेट मतपत्रिकेवर छापला जातो. ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का, यावरच्या सार्वमतासाठी स्कॉटलंडच्या सरकारनं आधी सुचवला होता तो असा : ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याच्याशी तुम्ही सहमत आहात का?’ ब्रिटनच्या निवडणूक आयोगानं तो लोकांना वाचायला देऊन पाहिला. ‘सहमत आहात का’ हे शब्द माणसाला होकाराकडे झुकवतात, असं आयोगाचं मत पडलं. २०१३ मध्ये त्यानं ते काढायला सांगितले, सरकारनंही ऐकलं.

१८ सप्टेंबर २०१४. मतपत्रिकेवर एकच ओळ : ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’

खाली दोन चौकटी. हो. नाही.